आणि इतर रक्तपिपासू

तंजावूरच्या मराठी मंडळींचा वर्षातून एकदा मेळावा भरतो, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या कल्याणमंडपात. जेवणाआधी विडे देतात. विड्यासाठी एकेका घराण्याला नावाने बोलावतात आणि त्या घरातलं वडीलधारं माणूस पुढे जाऊन तो घेतं. घराण्याचं नाव म्हणजे आडनाव नव्हे, आडनाव इथे फारसं कोणी लावत नाही. पूर्वज राजांच्या पदरी काय करत त्यावरून ते नाव पडलेलं असतं. हत्तीखान्याचे. पोथीखान्याचे. छत्राचे, म्हणजे ज्यांचे पूर्वज ओरत्तनाडूच्या छत्रात वाटसरूंच्या जेवणाची व्यवस्था बघत. हत्तीखान्याच्या घरातले सध्याचे वडीलधारे विम्याचं काम करतात आणि कुत्र्यालाही घाबरतात, पण हाक आली की ते असे उठतात की मागे हत्ती बांधून आलेत असं वाटावं.

सगळी घराणी संपली की शेवटी पुकारा होतो, "आणि इतर."

मी इतर आहे.

इतरांनी मिळून एक माणूस पुढे पाठवायचा, त्याने सगळ्यांच्या वतीने एक विडा घ्यायचा आणि बाकीच्यांनी बसल्या जागी हात जोडायचे. तो माणूस नेहमी एक निवृत्त पोस्टमास्तर असतो, कारण तो लवकर येऊन पुढची खुर्ची धरतो. विडा तो एकटाच खातो.

माझे वडील ओरत्तनाडूला चिंचेच्या झाडाखाली भाता लावून भांड्यांना कल्हई करत. मी तिथून उठून तंजावूरला आलो, दुसऱ्याच्या दुकानात समया घासल्या आणि आज माझं स्वतःचं तांब्यापितळेचं दुकान आहे. देवळांना समया आणि हॉटेलांना रसमची पातेली मीच पुरवतो. देवनागरी वाचायला शिकलो तेही पुण्याच्या व्यापाऱ्यांशी पत्रातून भांडता यावं म्हणून. हत्तीखान्याच्या घरातल्या निम्म्या लोकांना ती लिपी वाचता येत नाही. तरी विड्याला ते आधी.

घराण्यांची हाक द्यायचं काम एक निवृत्त शिक्षक करतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. सगळी नावं त्यांना तोंडपाठ आहेत. एका वर्षी मी त्यांना मंडपाच्या दारातच गाठलं.

"मास्तर, यंदा माझ्या घराला नावाने हाक द्या."

"देऊ की. तुमचं मूळ गाव कोणतं?"

"ओरत्तनाडू."

"ते इथलं झालं. त्याच्या आधीचं?"

"त्याच्या आधी मी नव्हतो."

"कुळदैवत?"

"पुन्नैनल्लूरची मारियम्मन."

"ती सगळ्या गावाची आहे हो," मास्तर हसून म्हणाले. "तुमची स्वतःची कोण?"

माझी स्वतःची देवी मी कुठून आणणार? ती काही पुण्याहून मागवता येत नाही. मी चिडून म्हणालो, "पूर्वज राजांबरोबर आले एवढं नक्की. काय करत ते लिहून ठेवलेलं नाही. हत्तीसुद्धा असतील." मास्तर म्हणाले, हत्ती आधीच दिलेले आहेत. मी न जेवता घरी आलो. बायको म्हणाली, जेवणावर राग कशाला काढायचा, आणि तिने दहीभात वाढला. तो मी खाल्ला, पण ती गोष्ट घशातून उतरली नाही.

आता आमच्या घरात चालतो त्या एका खेळाचं सांगतो.

माझी मुलगी घरूनच एका कंपनीचं काम करते. रविवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा तिचे मित्र वरच्या खोलीत येतात आणि खिडक्या बंद करून बसतात. तंजावूरमध्ये, मे महिन्यात. पंखा गरम हवा फिरवतोय, सगळे घामाने निथळतायत आणि खिडकी उघडायची नाही. का, तर ते व्हॅम्पायर आहेत आणि त्यांना ऊन चालत नाही.

मी वर जाऊन खिडकी उघडायचो. ते बंद करायचे. असं पुष्कळ दिवस चाललं.

खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. सगळे गोल बसतात आणि प्रत्येकजण आपण कोणीतरी रक्तपिपासू आहोत असं समजून बोलतो. गोष्ट एकजण चालवतो, इथे ती माझी मुलगी. एखादी गोष्ट जमली की फसली ते फासे ठरवतात. खेळाचं पुस्तक परदेशी, पण मुलीने सगळं तंजावूरमध्ये आणून ठेवलं होतं. प्रत्येक व्हॅम्पायरला कुळ असतं, आणि प्रत्येक कुळाची एक शक्ती असते आणि एक दोष. राजकुळातले राजवाड्यात राहतात, लोकांवर हुकूम चालवतात, पण ज्याच्या तीन पिढ्या माहीत नाहीत त्याचं रक्त त्यांना पचत नाही. गायककुळातल्यांचा आवाज ऐकून माणूस भुलतो, पण कुठेही गाणं लागलं की ते संपेपर्यंत त्यांना हलता येत नाही. गायककुळातला होता बँकेत काम करणारा एक तमिळ मुलगा. गोष्टीत एकदा देवळाचा लाउडस्पीकर लागला आणि हा बिचारा पुढचे कितीतरी रविवार एका खांबाला टेकून उभा. राजकुळातली होती दातांची डॉक्टर होऊ घातलेली एक मुलगी. ती मास्तरांची नात.

चौथा खेळाडू नोकरीसाठी कोइंबतूरला गेला. मी नेहमीप्रमाणे खिडकी उघडायला वर गेलो तेव्हा मुलगी म्हणाली, "अप्पा, त्यापेक्षा बसाच. एक जागा रिकामी आहे."

"माझं कुळ कोणतं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"त्या जागेला कुळ नाही," मुलगी म्हणाली. "त्याला कोणी चावलं ते माहीत नाही. चावणारा काही न सांगता निघून गेला."

"म्हणजे मूळ गाव माहीत नाही."

"तसंच समजा. त्याला कुळहीन म्हणतात. बाकीचे त्याला आपल्यात घेत नाहीत. राजाच्या सभेत तो दाराशी उभा राहतो."

मी उठलो. मग पुन्हा बसलो. समोरचा पहिला भाव सांगतो तेव्हा उठायचं असतं, पण निघून जायचं नसतं.

"शक्ती काय मिळेल?"

"खास अशी नाही. थोडं थोडं सगळं."

"आणि दोष?"

"कुळाचा दोष कुळ असेल तर. तुम्हाला नाही."

"म्हणजे गाणं लागलं तरी मी चालू लागणार?"

"हो."

"तीन पिढ्या न विचारता पिणार?"

"हो, अप्पा."

हा सौदा वाईट नव्हता. पण पहिल्याच बोलीवर हो म्हणणारा मी नव्हे. "उन्हाचं बघ काहीतरी."

"ऊन सगळ्यांनाच वर्ज्य आहे."

"चारनंतरचं?"

"नाही."

"ढगाळ असेल तर?"

"अप्पा."

"छत्री घेऊन, देवळाच्या सावलीसावलीने, पायात चपला घालून?"

मुलीने पुस्तक मिटलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "छत्री घेऊन. पण दरवेळी फासे टाकायचे." बँकेतला मुलगा म्हणाला, आम्हाला हे कधी मिळालं नाही. मी म्हणालो, तुम्ही कधी मागितलं? अशा रीतीने तंजावूरमध्ये दुपारी छत्री घेऊन फिरणारा मी एकमेव व्हॅम्पायर झालो.

एवढ्यात बायको वर आली. वरच्या खोलीला लागूनच आमचं देवघर आहे. "देवाच्या भिंतीला टेकून हे रक्त रक्त काय चाललंय?" मुलीने समजावून सांगितलं की हे खोटं रक्त आहे. बायको म्हणाली, खोटं असेल तर खोटंच नाव द्या. तेव्हापासून आमच्या खेळात रक्ताला नन्नारी सरबत, म्हणजे इथे उन्हाळ्यात पितात ते लालसर मुळ्यांचं सरबत, म्हणायचं ठरलं, आणि रात्री अंधाऱ्या गल्लीत व्हॅम्पायर एखाद्याच्या मानेला तोंड लावून सरबत पिऊ लागले.

मग राजाची सभा आली. राजा माझी मुलगीच बोलत होती, आवाज जाड करून. सभा राजवाड्यातल्या संगीत महालात. एकेक कुळाला नावाने हाक येत होती आणि ज्याचं त्याचं माणूस पुढे जाऊन राजाच्या हातून सरबताचा पेला घेत होतं. राजकुळ. गायककुळ. ग्रंथकुळ, जे वाचनालयाच्या खाली राहतं. शेवटी राजा म्हणाला, "आणि कुळहीन. एकाने पुढे यावं."

मी फासे खाली ठेवले.

"हे तू मेळाव्यातून उचललंस."

"नाही अप्पा. पुस्तकातच आहे. शपथ."

"परदेशात पण असंच करतात?"

"व्हॅम्पायर करतात."

"मी दाराशी उभा राहणार नाही."

मास्तरांची नात हळूच म्हणाली, "मामा, तुम्ही उभे नाही. खुर्चीवर बसलायत."

"तो उभा आहे ना?"

"तो आहे."

"मग मला बसवत नाही," असं म्हणून मी त्या दिवशी उरलेला सगळा खेळ उभ्यानेच खेळलो. पाय दुखले. बायकोने संध्याकाळी विचारलं तेव्हा मी सांगितलं की राजाने अपमान केला.

पुढच्या रविवारी मास्तर नातीला न्यायला आले आणि वर येऊन बसले. त्यांना पाहून मला बोलावंसं वाटलं नाही. पण खेळ रंगात होता. राजकुळाची व्हॅम्पायर उपाशी होती, कारण तीन पिढ्या माहीत असलेलं माणूस सापडत नव्हतं. आज ते सापडलं होतं, जुन्या बसस्टँडच्या मागे, एकटं. ते माणूस अर्थातच माझी मुलगी बोलत होती.

नात म्हणाली, "मी त्याला विचारते, तुमचे वडील कोण?"

"असं विचारतात का?" मास्तर म्हणाले. "आधी आईचं माहेर विचार. वडिलांविषयी लोक थापा मारतात."

नातीने माहेर विचारलं. मुलीने सुचेल ते सांगितलं, कुंभकोणम. मास्तर खुर्ची पुढे ओढून सरसावले. कुंभकोणमला कुठल्या रस्त्यावर? मोठ्या तळ्याजवळ? मग त्यांचे मामा इथे पश्चिम राजवीथीत राहायचे का? मुलगी घाबरून प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेली. मास्तरांना आपण खेळतोय याचा विसर पडला. तासभर त्यांनी त्या माणसाची आई, आजी, आजीची बहीण असं करत करत शेवटी आपल्याच चुलतीपर्यंत आणून पोचवलं. मग ते मागे टेकून बसले आणि समाधानाने म्हणाले, "अगं, हा तर आपला नातेवाईक निघाला."

"मग पिऊ का, ताता?" नातीने आजोबांना विचारलं.

"नातेवाइकाला? वेड लागलंय का? त्याला घरी जेवायला बोलाव."

राजकुळाची ती व्हॅम्पायर शेवटी उपाशीच मेली. फाशांपुढे काही चालेना. मास्तरांना फार वाईट वाटलं, पण त्यांच्या मते ती कुळाला शोभेल अशी गेली. मी तेवढ्यात छत्री घेऊन बाहेर पडलो होतो आणि मला भेटलेल्या पहिल्याच ऑटोवाल्याकडून, त्याचं नावही न विचारता, पोटभर सरबत प्यालो होतो. मी मास्तरांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

त्या रात्री जेवताना मी मुलीला विचारलं, "या तंजावूरमध्ये माझ्यासारखे कुळहीन एकूण किती असतील?"

"माहीत नाही. कधी मोजले नाहीत. सभेला एकच येतो ना."

"पुढच्या रविवारी शोधू."

तिला वाटलं चार-दोन निघतील. पण मी त्या रविवारी दुपारभर खेळात गल्लोगल्ली फिरलो आणि प्रत्येक ठिकाणी फासे टाकायला लावले. फासे माझ्या बाजूने होते. टाऊन बसचा कंडक्टर निघाला. तळ्यावर कपडे धुणारी एक बाई. राजवाड्यात तिकिटं फाडणारा माणूस, ज्याला राजकुळातले रोज बघून न बघितल्यासारखं करायचे. त्या सगळ्यांचे आवाज मुलीला एकटीला काढावे लागत होते, आणि संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसला. प्रत्येकाला मी एकच सांगत होतो: सभेत हाक आली की एकाने जायचं नाही, सगळ्यांनी जायचं.

सभा आली. राजा म्हणाला, आणि कुळहीन. आम्ही सगळे उठलो.

मुलीने आम्हाला बोटांवर मोजलं. मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "अप्पा, एवढे पेले नाहीयेत."

"ते राजाने बघावं."

"या सभेत राजाचा खून व्हायचा होता. मी महिनाभर ती गोष्ट रचत होते. तुमच्या गर्दीत खुन्याला आत शिरायला जागाच उरली नाही."

"म्हणजे राजा आमच्यामुळे वाचला?"

"गोष्ट मेली," ती म्हणाली आणि फासे डब्यात भरायला लागली. बँकेतला मुलगा माझ्या बाजूने काही बोलू पाहत होता, पण त्याच्या व्हॅम्पायरजवळ पुन्हा गाणं लागलं होतं. मुलगी दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. मला तिचं वाईट वाटलं. पण मी ज्याच्यासाठी झगडत होतो ते मला तिथे स्पष्ट दिसलं होतं, आणि मेळावा पुढच्याच महिन्यात होता.

मग मी स्कूटर काढली. इतर कोण कोण आहेत हे कोणालाच धड माहीत नव्हतं, कारण इतर एकमेकांना ओळखत नाहीत. प्रत्येकाला वाटतं आपणच एकटे. शोधत गेलो तसे सापडत गेले. शिलाईचं दुकान चालवणारा एक जण. तालुका कचेरीतल्या एक बाई. मेडिकल कॉलेजात भूल देणारा एक डॉक्टर, तोही इतर, आणि ते त्याने बायकोपासूनही लपवलेलं. मी सगळ्यांना तेच सांगितलं. टेलर म्हणाला, "पण आपण उठून करायचं काय?" मी म्हणालो, उठायचं, बस्स. पोस्टमास्तर मात्र तयार होईना. त्याचा विडा जाणार होता. त्याला मी एक छोटी समई देऊ केली. तो मोठी मागत होता. शेवटी मधली ठरली.

मेळाव्याच्या दिवशी मंडप भरलेला होता. मुलगी माझ्या शेजारी, राग अजून पुरता गेलेला नाही. मास्तर मंचावर, समोर विड्यांचं ताट. हत्तीखान्याचे गेले, पोथीखान्याचे गेले, छत्राचे गेले. मास्तर म्हणाले, "आणि इतर."

मी उठलो. टेलर उठला, कचेरीतल्या बाई उठल्या, डॉक्टर बायकोकडे न बघता उठला. मग ज्यांना मी भेटलोही नव्हतो असे लोक उठायला लागले, मागच्या रांगेतून, स्वयंपाकघराच्या दारातून, आणि बसलेल्यांपेक्षा उभे असलेलेच जास्त दिसायला लागले. आम्ही मंचाकडे निघालो. हत्तीखान्याच्या विमावाल्यांना वाटलं आग लागली, आणि ते बाहेर पळाले.

मास्तरांनी ताटाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "एवढे विडे नाहीत," ते म्हणाले.

"पानं आहेत ना," मी म्हणालो. "अर्धी अर्धी करा. पण प्रत्येकाला हाक मारून द्या. मला पहिल्यांदा."

"कोण म्हणून हाक मारू?"

"कल्हईवाल्याचे म्हणून मारा. वडील तेच करत. तीन पिढ्या मला माहीत नाहीत, एक माहीत आहे, तेवढी पुरे."

मास्तर मला न्याहाळत होते. दुकानात गिऱ्हाईक वस्तू हातात तोलून बघतं ना, तसं. मग ते माईकपाशी गेले आणि मोठ्याने म्हणाले, "कल्हईवाल्याचे." मी मंचावर चढून हात पसरले. मास्तरांनी माझ्या हातांत विडा ठेवला नाही, अख्खं ताट ठेवलं.

"यांना कोणालाच मी ओळखत नाही," ते म्हणाले. "तुम्ही ओळखता. तुम्हीच हाका मारा, तुम्हीच वाटा. आजपासून हे काम तुमचं."

असा मान या मंडपात कधी कोणाला मिळाला नव्हता. मी माईक घेतला. शिलाईवाल्याचे. कचेरीचे. भूल देणाऱ्याचे. ज्यांचं काही माहीत नव्हतं त्यांना तिथल्या तिथे विचारत होतो आणि ते लाजत सांगत होते. पानं अर्धी झाली, मग पाव झाली. पोस्टमास्तर पुन्हा एकदा रांगेत आला, त्याला मी हाकललं. मुलगी खालून बघत होती, आणि तिच्या तोंडावरचा राग गेला होता.

शेवटचा तुकडा उरला तो मी तोंडाकडे नेला. मास्तरांनी माझं मनगट धरलं.

"वाटणाऱ्याने घ्यायचा नसतो."

"म्हणजे?"

"रीत आहे. वाटणाऱ्याने घेतला तर स्वतःच्या हाताने स्वतःचा मान केल्यासारखं होतं. मी तरी इतकी वर्षं कुठे घेतला?"

मी आठवून पाहिलं. खरंच, मास्तरांना विडा खाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"हे आधी सांगायचं होतं."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"मग पुढच्या वर्षी तुम्ही वाटा. मी घेतो."

"छे," मास्तर म्हणाले, "माझे गुडघे आता मंचावर चढत नाहीत. मी दोन वर्षं कोणीतरी शोधत होतो." मग ते दोन पायऱ्या खाली उतरले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. "द्या इकडे. हाक मारायची राहिली. शाळेचे म्हणा."

मी माईकमध्ये "शाळेचे" म्हणालो आणि तो शेवटचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तिथेच उभं राहून, डोळे मिटून, सावकाश चावून खाल्ला.